टोंगळ्यातला ‘गॅप’ आणि कूर्चेची ओळख

मागील आठवड्यात आपण हाडांची माहिती घेतली. हाडे कशाची बनतात, मोडली तर जुळतात कशी, हे पाहिले. त्यानंतर बाजारात, बसथांब्यावर, दवाखान्यात भेटलेल्या मंडळींनी बहुतेक एकच प्रश्न विचारला. “डॉक्टरसाहेब, हाडाचं लिहिलं ते बरं केलं. पण आमच्या टोंगळ्यात गॅप आला म्हणतात, त्याचं काय?” कोणी म्हणाले, गुडघ्यातले तेल संपले. कोणी म्हणाले, वंगण सुकले. या सगळ्या बोलण्यात ज्या वस्तूचे नावच येत नाही, ती वस्तू म्हणजे कूर्चा. आजचा लेख तिच्याविषयी.

शाळेच्या पुस्तकात तिला कास्थी म्हटले आहे, काही ग्रंथांत उपास्थी. मटण खाणाऱ्यांना ती वेगळी ओळखवून द्यायला नको. हाडाच्या टोकाशी जो पांढरा, गुळगुळीत, दाताखाली कुरकुरणारा भाग लागतो, तीच कूर्चा. आपल्या अंगावर ती पाहायची असेल तर स्वतःचा कान दुमडून सोडा. कान लगेच पूर्ववत होतो. नाकाचा शेंडा दाबून पाहा, तोही तसाच. हाड असे वाकत नाही आणि मांस असा आकार धरत नाही. हाडाइतकी कठीण नाही, मांसाइतकी मऊ नाही, अशी ही मधली वस्तू आहे. आपल्या जुन्या वैद्यांच्या नजरेतून ती सुटली नव्हती. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचे नाव तरुण अस्थी, आणि त्याची जागा दिली आहे ती नाक, कान, मान आणि डोळ्याच्या खोबणीभोवती. कोवळे हाड या अर्थाने ‘तरुण’ हा शब्द मला फार आवडतो. कारण आईच्या पोटात बहुतेक हाडांचा पहिला आराखडा कूर्चेचाच असतो आणि पुढे त्याचे हाड होते.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला तर त्यात वाटी दिसतच नाही. वाटी असते, पण ती सगळी कूर्चेची असते. तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिच्यात हाड तयार होऊ लागते.

कूर्चा कशाची बनते

बल्लारपूरच्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे, कारण आपल्या गावात कागद कारखाना आहे. बांबूचा-लाकडाचा लगदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात दोनच गोष्टी असतात : तंतू आणि पाणी. कूर्चाही तशीच. शंभर ग्रॅम कूर्चेत ६५ ते ८० ग्रॅम पाणी असते. उरलेल्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे बारीक तंतू असतात आणि त्या तंतूंच्या जाळीत अडकलेले, पाणी घट्ट धरून ठेवणारे साखर-प्रथिनांचे मोठे रेणू असतात. कारखान्यात रोलरखाली लगद्यातले पाणी पिळून काढतात आणि ते पुन्हा आत जाऊ देत नाहीत. कूर्चेत मात्र दाब पडला की थोडे पाणी बाहेर येते आणि दाब सुटला की ते परत आत ओढले जाते. पाऊल टाकले की पिळली गेली, पाऊल उचलले की भिजली. हे दिवसभर चालते.

हे सगळे बनवणाऱ्या पेशी कूर्चेत फार थोड्या असतात. प्रौढ माणसाच्या सांध्यातील कूर्चेत त्यांची जागा शंभरात पाच भागांपेक्षाही कमी. प्रत्येक पेशी आपल्या लहानशा कोनाड्यात एकटी किंवा एक-दोन सोबतिणींसह बसलेली असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. मज्जातंतू नाहीत. शरीरात कोठेही कापले तर रक्त येते, दुखते आणि त्याच रक्तातून जखम भरायला लागणारा माल येतो. कूर्चा कापली तर रक्त येत नाही, तिला स्वतःला दुखत नाही आणि ती भरूनही येत नाही. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ साली सांध्यांच्या कूर्चेवर निबंध लिहिला. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा होत नाही, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले होते. पावणेतीनशे वर्षांनंतरही, मधल्या काळात इतके शोध लागूनही, ही गोष्ट बहुतांशी खरीच आहे.

मग रक्ताविना ती जगते कशावर? कान, नाक, बरगड्या येथील कूर्चेवर एक पातळ आवरण असते. त्या आवरणात रक्तवाहिन्या असतात आणि तेथून अन्नरस झिरपत आत जातो. सांध्यातील कूर्चेवर तर ते आवरणही नसते. तिला अन्न मिळते ते सांध्यात पाझरणाऱ्या चिकट द्रवातून, ज्याला आपण वंगण किंवा तेल म्हणतो. आणि तो द्रव आत शिरतो तो वर सांगितलेल्या पिळण्या-भिजण्यातून, म्हणजे हालचालीतून. ज्या सांध्याची हालचाल बंद, त्याच्या कूर्चेची उपासमार. गुडघा दुखतो म्हणून महिनोन्महिने खाटेवर बसून राहणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

तीन प्रकार

पहिला प्रकार काचेसारखी दिसणारी, निळसर पांढरी कूर्चा. शरीरात हीच सर्वांत जास्त. सांध्यात हाडांच्या टोकांवर, नाकात, गळ्यातल्या कंठमण्यात, श्वासनलिकेत आणि बरगड्यांच्या पुढच्या टोकांना हीच असते. श्वासनलिकेत तिच्या १६ ते २० कड्या असतात आणि त्या पूर्ण गोल नसून मागच्या बाजूने उघड्या, घोड्याच्या नालेसारख्या असतात. मागे अन्ननलिका असते. मोठा घास गिळताना तिला फुगायला जागा हवी, म्हणून ही सोय. बरगड्यांना पुढे कूर्चा नसती तर छाती पेटीसारखी ताठ राहिली असती. आपण दिवसाला साधारण वीस हजार वेळा श्वास घेतो, ते या वाकणाऱ्या टोकांच्या जोरावर.

नाकाचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याची एक हकीगत छापून आली. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते आणि पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या जातीच्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले होते. युरोपातले शल्यवैद्य ही हकीगत वाचून ती रीत शिकले. आज असे नाक उभारताना आतल्या आधाराला रुग्णाच्याच बरगडीची किंवा कानाची कूर्चा काढून बसवतात.

मुलांच्या नाकावर चेंडू किंवा कोपर लागले आणि काही तासांत दोन्ही नाकपुड्या चोंदल्या, तर आत डोकावून पाहायला हवे. मधल्या पडद्याभोवती रक्त साकळले असेल तर आवरण कूर्चेपासून सुटते, तिचे अन्न तुटते आणि तीन-चार दिवसांत ती मरते. पुढे नाकाचा दांडा बसतो. ते रक्त वेळेत काढणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

दुसरा प्रकार लवचीक कूर्चा. हिच्यात रबरासारखे ताणले जाणारे पिवळसर तंतू असतात. कान आणि घास गिळताना श्वासनलिकेवर पडणारे झाकण हिचेच. कानाच्या बाबतीत आपल्या रूढी आणि शरीररचना यांचा मेळ पाहण्यासारखा आहे. बाळाचे कान टोचतात ते खालच्या पाळीला, आणि खालच्या पाळीत कूर्चा नाहीच. तेथे नुसती चरबी आणि कातडी, रक्तपुरवठा भरपूर, जखम आठवड्या-दोन आठवड्यांत सुकते. बुगडी मात्र कानाच्या वरच्या कडेला असते, म्हणजे कूर्चेतून भोक पाडावे लागते. अलीकडे मुले-मुली हौसेने तेथेच दोन-तीन भोके पाडून घेतात. जत्रेतल्या न उकळलेल्या सुईने ते करू नये. तेथे पू झाला तर औषध पोचायला रक्त नसते आणि कूर्चा विरघळून कान सुकलेल्या पानासारखा आक्रसतो. टोचल्यानंतर कानाचा वरचा भाग लाल, गरम, ठणकणारा झाला तर हळद लावून वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

पैलवानांचे कान फुगलेले, गाठीगाठींचे का असतात, हेही यातच आले. मातीत किंवा गादीवर कान घासून आवरण आणि कूर्चा यांच्या मध्ये रक्त साचते. ते काढले नाही तर कूर्चा मरते आणि तेथे वेडीवाकडी नवी कूर्चा व जाड व्रण तयार होतो. आखाड्यात तो मानाचा शिक्का समजतात. त्यावर मी काही बोलत नाही.

तिसरा प्रकार तंतुमय कूर्चा. हिच्यात जाड तंतूंच्या दोऱ्याच दोऱ्या असतात, म्हणून ही ओढ आणि दाब दोन्ही सोसते. गुडघ्यातल्या दोन अर्धचंद्राकृती गाद्या, ओटीपोटाखाली दोन हाडांना जोडणारा सांधा आणि मणक्यांमधल्या चकत्या हिच्या असतात. बाळंतपणाच्या वेळी ओटीपोटाखालचा तो सांधा किंचित सैल होतो, हे निसर्गाचेच नियोजन.

मणक्यांमध्ये अशा २३ चकत्या असतात. कडेला तंतूंचे गुंडाळलेले थर आणि मध्ये पाणीदार गर. दिवसभर उभे राहून, वाकून चकत्यांतले पाणी पिळले जाते आणि माणूस संध्याकाळी सकाळपेक्षा एक ते दोन सेंटिमीटरने बुटका होतो. रात्री आडवे झाल्यावर त्या पुन्हा भरतात. सकाळी उठल्याउठल्या कंबर ताठ वाटते त्याचे एक कारण हेच. चकत्या फुगलेल्या असताना लगेच वाकून भरलेली घागर किंवा पोते उचलू नये. तासभर हिंडा-फिरा, मग ओझ्याला हात घाला. स्वीडनचे डॉक्टर नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकत्यांत सुई घालून दाब मोजला. आडवे असताना दाब सर्वांत कमी आणि पुढे वाकून ओझे धरताना फार जास्त, असे त्यांना आढळले. आता आपल्या मूल-सिंदेवाहीकडची रोवणी डोळ्यांपुढे आणा. बाया पऱ्हे हातात घेऊन चिखलात दिवस दिवस वाकलेल्या असतात. तेंदूच्या हंगामात तीच गत, मोह वेचताना तीच. त्यांच्या कंबरदुखीला नखरे म्हणणाऱ्यांनी एक दिवस बांधीत उतरून पाहावे.

चकतीतला गर मागे सरकून नसेवर दाबला की कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. बहुतेकांचे हे दुखणे शस्त्रक्रियेविना पाच-सहा आठवड्यांत उतरते. त्यासाठी महिनाभर झोपून राहायचे नसते, एक-दोन दिवसांचा आराम पुरे. पण पायातली ताकद कमी होत चालली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, तर एक दिवसही दवडू नये. गडचिरोलीत ‘सर्च’च्या शोधग्राम येथील दवाखान्यात मुंबईचे मणक्यांचे शल्यवैद्य येऊन शस्त्रक्रियांची शिबिरे घेत आले आहेत. या शस्त्रक्रिया जंगलभागाच्या जवळ होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

‘गॅप’ म्हणजे काय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक्स-रेमध्ये हाड पांढरे दिसते. कूर्चा दिसत नाही, कारण किरण तिच्यातून आरपार जातात. त्यामुळे गुडघ्याच्या फोटोत वरचे हाड आणि खालचे हाड यांच्यामध्ये काळी फट दिसते. ही फट रिकामी नाही. ती कूर्चेने भरलेली आहे. मांडीच्या हाडावर आणि नळीच्या हाडावर प्रत्येकी दोन ते चार मिलिमीटर कूर्चेचा थर असतो. वाटीच्या मागे तो सर्वांत जाड, पाच-सहा मिलिमीटरपर्यंत. म्हणजे गॅप असणे हेच निरोगी गुडघ्याचे लक्षण! झीज झाली की गॅप कमी होतो आणि शेवटी हाडाला हाड टेकते. “गॅप वाढला” म्हणून घाबरून येणाऱ्यांचा गॅप खरे तर घटलेला असतो. हा फोटो उभे राहून काढलेला असावा. झोपून काढलेल्या फोटोत झिजलेला गुडघाही पुष्कळदा बरा दिसतो.

‘तेल संपले’ हेही तसे चुकीचेच. झिजलेल्या सांध्यात पाणी कमी होण्याऐवजी कित्येकदा वाढते आणि गुडघा सुजतो. आणि कूर्चेला मज्जातंतू नाहीत, मग दुखते काय? दुखते ते खालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतालचे स्नायू. म्हणूनच झीज सुरू होऊन वर्षे लोटतात तेव्हा कुठे माणसाला पत्ता लागतो.

साध्या चालण्यात गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना चढताना तीनपट, उतरताना त्याहून थोडा जास्त. साठ किलोची बाई बल्लारशाह स्थानकाचा पूल उतरते तेव्हा प्रत्येक पावलाला तिच्या गुडघ्यावर दोन क्विंटलांच्या आसपास भार पडतो. उकिडवे बसून उठताना तर वाटीवर फार ताण येतो. एक किलो वजन घटले की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी उतरतो, हे मोजून पाहिलेले आहे. याहून स्वस्त औषध माझ्या कपाटात नाही.

कामाचा आणि झिजेचा संबंध आपल्या भागाला नवा नाही. केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या कोळसा खाणकामगारांचे एक्स-रे काढून १९५२ साली दाखवले की कचेरीत बसणाऱ्यांपेक्षा खाणवाल्यांच्या गुडघ्यांची आणि चकत्यांची झीज जास्त असते. खालच्या छताखाली गुडघ्यांवर बसून काम करण्याचा तो परिणाम. आपल्या खाणींतून निवृत्त झालेली मंडळी दवाखान्यात येतात तेव्हा मला त्या निबंधाची आठवण होते.

मग करायचे काय? काम सोडा, असे सांगणे माझ्या अधिकारात नाही, आणि सोडून चालणारही नाही. पण भांडी घासायला, भाजी निवडायला, तेंदूचे पुडे बांधायला उकिडवे बसण्याऐवजी वीतभर उंच पाट किंवा लहान स्टूल घेता येते. शौचाला खुर्चीचे भांडे वापरता येते. ते आणता येत नसेल तर साध्या खुर्चीला भोक पाडून सुतार ते करून देतो. सपाट रस्त्यावर रोज अर्धा तास चालावे, सायकल चालवता येत असेल तर फारच उत्तम. आणि मांडीचा व्यायाम : खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ उचलायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, हळू खाली आणायचा. दहा वेळा एक पाय, दहा वेळा दुसरा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्याला बसणारे हिसके तो झेलतो. दोन महिने नेमाने करणारे फार थोडे असतात, पण जे करतात त्यांची चाल मी सुधारलेली पाहिली आहे. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरावी. आपल्याकडे नव्वद टक्के लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, असे माझे रस्त्यावरचे निरीक्षण आहे.

कूर्चा वाढवणाऱ्या म्हणून ज्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या विकल्या जातात, त्यांची अमेरिकेत मोठी चाचणी होऊन २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण रुग्णांत या गोळ्या आणि नुसत्या पिठाच्या गोळ्या यांच्यात ठळक फरक दिसला नाही. महिन्याला त्यावर होणारा खर्च अंडी आणि डाळीवर करावा, असे मी स्पष्ट सांगतो. गुडघ्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळतो आणि एखाद्या लग्नकार्यापुरते ते घेणे मी समजू शकतो. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ती इंजेक्शने दिलेल्यांची कूर्चा अधिक झिजली आणि दुखणे काही कमी झाले नाही, असे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले. तरुण माणसाला अपघाताने कूर्चेत लहानसा खड्डा पडला असेल तर त्याच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून तेथे भरण्याची शस्त्रक्रिया आहे. स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये तिची पहिली फळे प्रसिद्ध केली. साठीतल्या, सगळीकडून झिजलेल्या गुडघ्याला तिचा उपयोग नाही.

अशा गुडघ्याला शेवटचा उपाय सांधा बदलण्याचा. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला आणि पुढच्या वर्षी उजवा. त्यानंतर ही शस्त्रक्रिया गावोगाव लोकांच्या तोंडी आली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि तो बराच स्वस्त झाला. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत आपल्याला काय बसते आणि कोणत्या रुग्णालयात, हे आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. दलालाला विचारू नये.

हाताच्या बोटांचे सांधे सुजणे, सकाळी तासाहून अधिक वेळ अंग आखडणे हे दुखणे वेगळे. तो आमवात. त्याचे उपचारही वेगळे असल्याने त्यावर पुढील आठवड्यात लिहीन.

खुबा : आपल्या जिल्ह्यांचे दुखणे

कूर्चेला स्वतःचे रक्त लागत नाही, पण ती ज्या हाडावर बसलेली असते त्याला लागते. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या उखळीत फिरतो. त्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्या असतात. त्या बुजल्या की गोळ्याचे हाड आतून मरते. वरची कूर्चा काही काळ शाबूत असते, पण खालचा पायाच खचला की तीही चिरडते. भिंत चांगली आणि पाया वाळवीने खाल्लेला, तसे.

चंद्रपूर-गडचिरोलीत याचे एक मोठे कारण सिकलसेल. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. आदिवासी समाजांत हा आजार आहे आणि इतर समाजांतही आहे, त्यामुळे ‘आमच्यात नसतो’ असे कोणी धरून चालू नये. अठरा-वीस वर्षांचा मुलगा जांघेत दुखते म्हणतो, लंगडतो, मांडी घालून बसता येत नाही म्हणतो, आणि घरचे त्याला वात समजून तेल चोळत बसतात. खुब्याचे दुखणे कित्येकदा गुडघ्यात जाणवते, म्हणून एक्स-रेही गुडघ्याचाच निघतो आणि तो चांगला येतो. सुरुवातीला खुब्याचा एक्स-रेसुद्धा चांगला येऊ शकतो. त्या काळात आजार दिसतो तो एमआरआयमध्ये. गोळा खचण्याआधी निदान झाले तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्याची लहान शस्त्रक्रिया करता येते. गोळा खचल्यावर पंचविशीच्या तरुणाला खुबा बदलण्यावाचून मार्ग राहत नाही, आणि कृत्रिम खुबा जन्मभर पुरत नाही.

सिकलसेलची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. सरकारी उद्दिष्टांचे काय व्हायचे ते होवो, आपल्या घरातल्या मुलांची तपासणी मात्र लग्न ठरण्याआधी, आणि दुखणे असेल तर आजच, करून घ्यावी.

खुब्याच्या या आजाराची आणखी दोन कारणे आपल्या भागात सर्रास दिसतात. एक, वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणे; मोहाची असो की बाटलीतली, हाडाला फरक कळत नाही. दुसरे, स्टेरॉइड. बाजाराच्या दिवशी वाताची म्हणून जी बिननावाची पुडी मिळते, तिने तीन दिवसांत म्हातारा माणूस नाचायला लागतो. इतक्या झटपट गुण देणाऱ्या अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ती महिनोन्महिने खाल्ली की साखर वाढते, हाडे पोकळ होतात आणि खुब्याचा गोळा मरतो. करोनाच्या साथीनंतर, २०२१ मध्ये, उपचारात स्टेरॉइड घ्यावे लागलेल्या काही रुग्णांत हाच आजार मुंबईच्या डॉक्टरांना आढळला होता. तेथे औषध जीव वाचवण्यासाठी दिलेले होते. दमा किंवा इतर आजारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइडही मनाने एकदम बंद करू नये, ते धोक्याचे असते. माझा राग त्या पुडीवर आहे, जिच्यावर ना नाव असते ना बनवणाऱ्याचा पत्ता.

लहान मुलांबाबत

मुलाची उंची वाढते ती हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पातळ पट्टीतून. मुलींमध्ये साधारण चौदा-पंधराव्या वर्षी आणि मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षी या पट्टीचे हाड होते आणि उंची थांबते. तोवर ही पट्टी आसपासच्या हाडापेक्षा नाजूक असते. आंब्याच्या झाडावरून पडलेल्या मुलाचे मनगट किंवा कोपर सुजले तर ‘लचकले असेल’ म्हणून हाडवैद्याकडे ओढून-ताणून घेऊ नका. पट्टीला मार असेल तर हात पुढे वाकडा किंवा आखूड वाढतो, आणि ते कळायला दोन वर्षे जातात. दोन्ही हातांचे फोटो काढले तर डॉक्टरांना तुलना करता येते.

आणि सर्वांत घाईचे प्रकरण हे : मुलाला ताप आहे, एक सांधा गरम, सुजलेला आहे, आणि ते त्या पायावर भार द्यायला तयार नाही किंवा तान्हे असेल तर तो पाय हलवतच नाही. सांध्यात पू झाल्याची ही शंका. पुवातले पाचक रस कूर्चेला काही दिवसांत खाऊन टाकतात आणि गेलेली कूर्चा त्या मुलाला आयुष्यात परत मिळत नाही. सिकलसेल असलेल्या मुलांत हाडा-सांध्याला जंतूंची लागण अधिक होते. अशा मुलाला शेकू नका, चोळू नका, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. रात्र असली तरी त्याच रात्री चंद्रपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या, आणि सिकलसेलचे कार्ड असेल तर ते सोबत ठेवा.